रखमाच्या पोटातली गाठ

उरणजवळच्या गावात ट्रक चालवणाऱ्या कमलेशच्या घरी बरेच दिवस कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्याच्या आईच्या, रखमाच्या, जठरात गाठ सापडली होती. ऑपरेशन करून ती काढली, तरी "पोटाला सूज होती" एवढंच तिला सांगितलं गेलं. आपणही हेच करतो ना? आजारी माणूस सोडून साऱ्या गावाला आजार सांगतो.

रखमाने काय ओळखायचं ते ओळखलं. तिने आपलं ताट वेगळं केलं. नात अमिषा मांडीवर चढू लागली, की ती तिला हळूच खाली उतरवायची.

गाठीच्या तपासणीचा निकाल ऐकायला कमलेश अलिबागच्या इस्पितळात निघाला, तेव्हा ती हट्टाने सोबत आली. तिथे डॉक्टरांच्या दाराशी पोचल्यावर तो म्हणाला, "आई, तू बाहेर बस."

गाठ तपासणाऱ्या डॉक्टर प्रज्ञांनी विचारलं, "गाठ कुणाच्या पोटात होती?"

"आईच्या. पण मॅडम, ऐकून ती खचेल."

"आता खचलेली नाही असं वाटतं तुम्हाला?"

रखमा दारातून हललीच नव्हती. तीच बोलली, "कॅन्सर हाय तर हाय म्हन, बाबा. पन नातीला लागंल म्हनून मी तिला जवल घेत न्हाय, ह्ये मला सोसत न्हाय."

कमलेशला हे ठाऊकच नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

डॉक्टरांनी रखमाला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "काय दिसतंय, मावशी?"

"मासं धरायचं जालं हाय जनू. समदी भोकं सारखी."

"एकेक भोक म्हणजे चरबीची एकेक पेशी. काचेवर घेण्याआधी आतली चरबी विरघळून जाते, म्हणून पोकळ दिसते. तिच्या कडेला बारीक निळा ठिपका दिसतो? ते पेशीचं केंद्रक, चरबीने कडेला रेटलेलं. कॅन्सरमध्ये अशी केंद्रकं बहुधा मोठी, गडद, वेडीवाकडी दिसतात. इथे सगळी लहान आणि नीट आहेत. ही साधी चरबीची गाठ होती, मावशी. पूर्ण निघाली."

रखमा भिंगावरून डोळा काढेना.

"आणि कॅन्सर असता, तरी मांडीवर बसून नातीला लागला नसता," डॉक्टर म्हणाल्या.

कमलेशने आईचा हात धरला. "चुकलो, आई. तुझं दुखणं तुलाच आधी सांगायला हवं होतं."

मंडळी, मायेपोटी लपवलेली गोष्टही माणसाला एकटं पाडते. आजार ज्याचा, त्याला तो समजू द्या आणि समजून घेताना त्याच्याजवळ बसा.

त्या संध्याकाळी रखमाने अमिषाला आपल्या ताटात जेवायला घेतलं. पोरीने अर्धा भात सांडला. कुणी तिला ओरडलं नाही.