दोनदा की दर दोन तासांनी

त्या वर्षी पुण्यात जाडी घालवण्याचे दोन पंथ निघाले होते. पहिला म्हणायचा, दिवसातून दोनदाच जेवा, मधे पाण्याशिवाय तोंडात काही घालू नका. दुसरा म्हणायचा, दर दोन तासांनी थोडं थोडं खा, उपाशी राहाल तर उलट सुटाल. शहरातल्या यच्चयावत ढेऱ्या या दोन छावण्यांत वाटल्या गेल्या आणि पुणेकरांना पार्किंगखेरीज भांडायला आणखी एक विषय मिळाला.

हडपसरला इंदुबाईंच्या घरात एकेका मुलानं एकेक पंथ धरला. थोरला रंगनाथ आयटीवाला, तो दोनदाच जेवणारा. धाकट्या जयसिंगचं बुधवार पेठेत मोबाइलचं दुकान, तो दर दोन तासांनी डबा उघडणारा. हे काही हौसेखातर चाललं नव्हतं. इंदुबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा त्या डायलिसिसला जात होत्या. दोघांचंही रक्त आईशी जुळत होतं, पण डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं की एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी काढता येणार नाही. दोघंही उतरवा, ज्याचं आधी उतरेल त्याची घेऊ.

मग काय विचारता! रोज रात्री ताटावर लढाई. रंगनाथ मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवून सांगायचा की सारखं चरणं हे गुरांचं काम, माणसाचं नव्हे. जयसिंग म्हणायचा की दोनदाच जेवणारा माणूस दोन वेळेला चार माणसांचं हाणतो, आणि आपल्याकडे तर ते डोळ्यांनी दिसतंय. यावरून ते एकमेकांची अक्कल काढायचे, मग पगार काढायचे, मग बायकांची माहेरं. शेवटी एकमेकांशी बोलणंच टाकलं. निरोप सुनांमार्फत जायला लागले.

इंदुबाईंना या भांडणाचं कौतुक होतं. त्या बाईचं स्वतःचं खाणं म्हणजे शिक्षा होती. भाजी उकळून पाणी फेकायचं, मीठ जवळपास नाहीच, पाणी मोजून कपभर, तहान लागली की लिंबाची फोड चोखायची. पण तक्रार नाही. डायलिसिसच्या वेळी शेजारच्या पलंगावरच्या बाईला त्या ऐटीत सांगायच्या की माझी पोरं माझ्यापायी उपाशी राहतात, एकमेकांच्या जिवावर उठलीत, आधी कोण देतो म्हणून. ती बाई डोळे पुसायची. इंदुबाईंना तेवढ्यानं अर्धं बरं वाटायचं.

वजन मात्र काही उतरत नव्हतं. रंगनाथच्या शर्टाची बटणं तटतटली होती आणि जयसिंगला खाली वाकून बूट घालताना धाप लागत होती. विचारलं तर एकच उत्तर, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. दोन्ही पंथांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत होतं.

एका गुरुवारी दोघांनाही सवड नव्हती. रंगनाथची मीटिंग होती आणि जयसिंगच्या दुकानात माल यायचा होता. इंदुबाई डायलिसिस उरकून एकट्याच रिक्षानं निघाल्या. गाडीतळाच्या चौकात नेहमीप्रमाणे सगळं तुंबलं होतं. रिक्षा एका मिसळीच्या हॉटेलासमोर अडकली आणि इंदुबाईंनी सहज आत पाहिलं.

आत त्यांची दोन्ही लेकरं एका टेबलावर बसली होती. एकमेकांचं तोंड न पाहणारी! पुढ्यात मिसळ, पावांची चळत, शेवेची वाटी. जयसिंगनं काहीतरी सांगितलं तसा रंगनाथ खदखदून हसला, आणि हसता हसता त्यानं आपल्यासमोरचा पाव उचलून भावाच्या ताटात टाकला. लहानपणी तो असाच टाकायचा. रिक्षावाल्यानं विचारलं, आजी, बरं वाटत नाही का? इंदुबाई म्हणाल्या, चला तुम्ही.

वरून तमाशा आणि आतून गळ्यात गळे! पंथ-बिंथ सगळं सोंग. वजन उतरवायचंच नव्हतं कुणाला. भांडण चालू राहिलं की आईला वाटत राहणार पोरं धडपडताहेत, आणि काटा हलला नाही की डॉक्टर आपणहून नाही म्हणणार. नाही म्हणायचं पाप कुणाच्याच माथी नाही. इंदुबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. भितात, हे त्या समजू शकल्या असत्या. पोटच्या पोराची भीती आईला कळते. पण रोज रात्री आपल्यासमोर बसून आपल्याला खेळवलं, हे त्यांना सहन होईना. तरीही मन मोठं चिवट असतं. एकदा विचारून तर बघू, म्हणालं.

रविवारी त्यांनी सुनांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि स्वतः पुरण घातलं. दोघांना समोरासमोर बसवलं, ताटात पोळ्या वाढल्या, वर तुपाची धार सोडली. दोघंही कावरेबावरे झाले. रंगनाथ म्हणाला की हे माझ्या वेळेत बसत नाही, जयसिंग म्हणाला की माझ्या मापात बसत नाही.

"बसतंय," इंदुबाई म्हणाल्या. "मला न्हाई पायजे तुमची किडनी. दोघांचीबी न्हाई. जेवा."

आणि त्या थांबल्या. हातात तुपाचं भांडं तसंच. असं कसं आई, एवढंच कुणीतरी म्हणावं. खोटं म्हणालं असतं तरी चाललं असतं.

रंगनाथनं धाकट्याकडे पाहिलं. मग घसा साफ करून तो म्हणाला, "तुझी मर्जी. पण मग डॉक्टरांना तसं कळवायला पाहिजे."

"खरंय दादाचं," जयसिंग म्हणाला. महिनोन्‌महिने ज्याला आईसमोर दादा म्हटलं नव्हतं, त्याला. त्यानं तूप लागलेल्या बोटांनीच खिशातून मोबाइल काढला आणि तिथंच ताटावर बसून दवाखान्याचा नंबर शोधायला लागला.

"हात तरी धुऊन घे रे," इंदुबाई म्हणाल्या. "मी अजून जित्ती हाय."