वजन वाढवा

मी एक जुना अर्ध्या किलोचा लोखंडी ठोकळा आहे, मित्रांनो. सोलापूरच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. पोटात शिसं भरून सरकारी मोहर उठवली, तेव्हा मी भलताच ऐटीत होतो. मुरुमजवळच्या एका गावात, सोसायटीच्या दुकानात मी कामाला लागलो. बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी घ्यायला रांगा लागत. काटा सरळ होईपर्यंत माणसं माझ्याकडे डोळे लावून उभी राहत. तेवढा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

पुढे झिजलो. तपासणीच्या साहेबांनी मला तीनदा तोललं आणि बाद केलं. हलकं वजन म्हणजे लबाडी, तेव्हा त्यांचं काही चुकलं नाही. पण माझा राग अजून गेलेला नाही. दुकानात माप करणाऱ्या महांतप्पांनी मला घरी नेऊन दाराला अडण म्हणून लावलं. येता-जाता सगळे मला ठेचकाळत आणि वर मलाच शिव्या देत.

त्या घरात पुतळाबाई होत्या, महांतप्पांच्या बायको. चाळिशी गाठायच्या आतच त्यांचे सांधे धरले. सकाळी मूठ मिटेना, उकिडवं बसता येईना. गाव म्हणे, वात आहे. सोलापूरच्या डॉक्टरांनी समजावलं, की हा साधा वात नाही. शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून आपल्या सांध्यांवर उठते. राखणीच्या कुत्र्यानं घरच्याच माणसाला चावावं, तसं. गोळ्यांनी सूज उतरे, पण बसून बसून हातापायांतलं बळ गेलं होतं.

आणि बळ तर हवंच होतं, बारकीसाठी. बारकी ही त्यांची धिप्पाड म्हैस. पुतळाबाईंखेरीज कुणाला ती धार काढू देत नसे. महांतप्पांनी हात लावला की लाथ. ती दसऱ्याच्या सुमारास विणार होती. तेव्हा पुतळाबाईंना धार काढता आली नाही, तर म्हशींचे व्यापारी चन्नबसप्पा तिला घेऊन जाणार, असं ठरलं होतं. दूध सोसायटीचं सभासदत्व पुतळाबाईंच्या नावावर होतं. घरात त्यांच्या नावावर असलेली तेवढी एकच गोष्ट.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, “थोड्यानं सुरुवात करा आणि हळूहळू वजन वाढवा.” झालं! महांतप्पांनी घरी येताच शेंगदाण्याचे लाडू आणि तूप-गूळ सुरू केला. बायकोला बाजेवरून उठू देईनात. “बाई वजन वाढवा म्हणल्यात. तू निस्तं खा,” म्हणत. दीड महिन्यानं बाईंनी काट्यावर उभं केलं, तर सहा किलो वाढ. महांतप्पांची छाती फुगली.

“अहो, हातातलं वजन वाढवा म्हटलं होतं, अंगातलं नव्हे,” बाई म्हणाल्या. हे मला पुढे नवरा-बायकोच्या भांडणातून कळलं.

त्या दिवशी घरात शिरताना पुतळाबाईंनी मला दारातून उचललं. बोटांत धरवेना, म्हणून जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, मला आत घातलं आणि मनगटाला बांधलं.

“वाताच्या माणसानं लोखंड उचलावं व्हय? मोडून पडशील,” महांतप्पा म्हणाले.

“बसून तरी कुठं धड ऱ्हायले? बगू द्या की.”

रोज ऊन लागून अंग जरा मोकळं झालं, की हात कोपरातून वर, मग खाली. आधी पाचच वेळा. मग बाजेच्या कडेवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. पहिल्या दिवशी एकदाही जमलं नाही. बाजेच्या पायांखाली दोन-दोन विटा घालून ती उंच केली, तेव्हा कुठे जमलं. काही दिवसांनी एकेक वीट काढली. मग बाज सोडून पाटावर बसू लागल्या.

श्रावणात गुडघे आणि मनगटं सुजली. सूज असताना जोर करायचा नाही, असं बाईंनी बजावलं होतं. आठ दिवस मी खुंटीवर लटकत होतो. वाटलं, आटोपला कारभार. नवव्या दिवशी पुतळाबाईंनी मला बाहेर काढलं, नुसती रिकामी पिशवी मनगटाला बांधली आणि एकपासून पुन्हा मोजायला लागल्या. मला भरून आलं.

भाद्रपद सरता सरता त्यांनी किलोचा ठोकळा आणला आणि मला परत दाराशी ठेवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण या खेपेला मी कमी पडलो, तो त्यांचं बळ वाढलं म्हणून.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी बारकी व्याली. खबर लागताच चन्नबसप्पा खांद्यावर दावं टाकून हजर झाले. पुतळाबाई बादली घेऊन उकिडव्या बसल्या. बारकीनं मान वळवून पाहिलं आणि पान्हा सोडला. दोन सड झाले आणि बोटं आखडली. महांतप्पा पुढे सरसावले, तर पुतळाबाईंनी मानेनंच नको म्हटलं. उठल्या, गरम पाण्यात बोटं बुडवून ठेवली, पुन्हा बसल्या. उरलेल्या दोन सडांना बराच वेळ लागला. मग बादली घेऊन उभ्या राहिल्या. भिंतीचा आधार घेतला नाही, नवऱ्याचाही नाही.

“चन्नबसप्पा, बसा. खरवस खाऊन जावा,” त्या म्हणाल्या. “म्हैस न्हाय मिळायची.”

दुखणं गेलेलं नाही, मित्रांनो. गोळ्या चालू आहेत, आणि कधी कधी सकाळी मूठ अजूनही मिटत नाही. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर त्याच्या हातातलं सगळं काम काढून घेऊ नका. आपण मायेनंच घेतो, पण माणूस त्यानं खचतो. जाणत्या डॉक्टरांना विचारा, आणि आज किती झेपेल हे त्या माणसालाही विचारा. अर्धा किलो म्हणाला तर अर्धाच किलो द्या. मी इथे दाराशीच आहे, केव्हाही उचला.