नाक खाली येईपर्यंत

ओडेल प्रेटरने बोटीच्या पंख्याच्या नटावर पाना चढवला, पात्यांमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवला आणि अंगातलं सगळं वजन टाकून हिसका दिला. नट हलला नाही. बोट दोन वर्षं ताडपत्रीखाली पडून होती, तेव्हा तो सहज सुटेल अशी आशा नव्हतीच. खरं सांगायचं तर तो सुटूच नये असं ओडेलला वाटत होतं. हा पंखा त्यानेच बसवलेला होता.

बोटीचा मालक रॉइस स्टँपर दुकानाच्या दारातच उभा होता.

"जागेवरून उठायला पाच सेकंदं घेते," तो म्हणाला. "मला तीन हवीत. त्याहून कमी झाली तर फारच छान."

"परत स्पर्धेत उतरतोयस की काय?"

"नाही, मिस्टर ओडेल."

"मग घाई कसली, पोरा? तळ्यातले मासे काय पळून अटलांटाला जाणार आहेत?"

रॉइस हसला नाही. "समोरचं दिसत नाही तो वेळ कमी करायचाय."

ओडेलने पुन्हा पान्यावर जोर दिला. या वेळी नट करकरत सुटला.

तळ्याकाठच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. बास माशांसाठीच्या या बोटींचं सगळं वजन मागे: मोटर मागे, पेट्रोल मागे, बॅटऱ्याही मागे. एकदम वेग दिला की मागचा भाग पाण्यात बसतो, नाक वर जातं, आणि नाक खाली येऊन बोट सपाट पाण्यावरून धावायला लागेपर्यंत चालवणाऱ्याला फक्त स्वतःच्याच बोटीचं नाक दिसतं. दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरातल्या एका सकाळी, अशाच पाच सेकंदांत तळ्याच्या सोअरवुड नावाच्या फाट्यात रॉइसची बोट लूथर पिकच्या बोटीवर चढली होती, आणि लूथर जागीच गेला होता. लूथर बहात्तर वर्षांचा. पत्र्याच्या चपट्या बोटीत बसून एका गळाने मासे धरायचा आणि रविवारी चर्चमध्ये ओडेलच्याच बाकावर टेकायचा. चौकशीत दोष धुक्याला गेला. गावानेही तो धुक्यालाच दिला आणि रॉइसच्या घरी भाजलेल्या मक्याच्या पावाची ताटं पोचवली.

ओडेलने मात्र धुक्याला दोष दिला नव्हता. त्या उन्हाळ्यात रॉइसने त्याच्याकडे जास्त वेग मागितला होता, आणि त्याने तीन पात्यांचा, पात्यांना जास्त पीळ असलेला पंखा काढून दाखवला होता. सुटताना जड जाईल का, असं रॉइसने विचारलंही होतं. "नाक दोन सेकंदं जास्त वर राहील," ओडेल म्हणाला होता. "दोन सेकंदांत काय आभाळ कोसळतंय?" हे वाक्य त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. पण धक्क्यावर कुणाची मोटर गरजली की हातातलं काम थांबवून तो आकडे मोजायचा, आवाज हलका होईपर्यंत.

दोन दिवस त्याने मान मोडून काम केलं. कमी पिळाचा, चार पात्यांचा पंखा बसवला. दोन बॅटऱ्या उचलून पुढच्या कप्प्यात नेल्या. मोटर इंचभर खाली घेतली. रॉइस उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी घेऊन यायचा, उलट्या बादलीवर बसायचा आणि सोलत राहायचा. खायचा मात्र क्वचितच.

"धुकं तेवढं नव्हतं, मिस्टर ओडेल," दुसऱ्या दिवशी दुपारी तो अचानक म्हणाला. "सगळे म्हणाले, म्हणून मीही म्हणालो. पलीकडचा काठ दिसत होता मला."

ओडेलने हातातला नट आवळला.

"लूथर होता तिथे मी एक तरंगता बोया टाकणार आहे. मी सुटलो तिथूनच सुटायचं. तीन सेकंदांतही दिसला नाही, तर ते व्हायचंच होतं. आणि दिसला, तर..." त्याने टरफलं मुठीत चुरगाळली. "चालवा मात्र तुम्ही. मला चाकाला हात लावता येत नाही."

बोया दिसला, तर लूथरला जुन्या पंख्याच्या त्या दोन सेकंदांनीच मारलं हे उघड होणार होतं. तो दिसूच नये असं ओडेलला वाटलं, आणि त्या वाटण्याची त्याला लाजही वाटली.

मंगळवारी सकाळी फाट्यात चिटपाखरू नव्हतं. हवा स्वच्छ होती. नारिंगी बोया बुडालेल्या झाडांच्या बुंध्यांपाशी डोलत होता. रॉइस शेजारच्या आसनावर हातात घड्याळ घेऊन बसला.

"तयार?"

"हो."

सुटताना मोटर पूर्ण आत झुकवून घ्यायची असते, म्हणजे नाक लवकर खाली येतं. हे ओडेल झोपेतही करू शकला असता. पण त्याचा अंगठा बटणावर गेला आणि मोटर उलट बाहेर सरकली. मग त्याने वेग दिला. नाक उठलं आणि वरच राहिलं. समोर आभाळ, फक्त आभाळ. बोटीच्या बुडाला काहीतरी ठक्‌ करून लागलं.

ओडेलने वेग सोडला. मागे, फेसातून बोया वर आला.

रॉइस घड्याळाकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते.

"नाही दिसला," तो म्हणाला. "बघा, नाही दिसला."

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. दोघंही मोकळे झाले असते. ओडेलने टोपी काढली, परत घातली.

"मोटर मी मुद्दाम बाहेर सरकवली होती."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"पंधरा वर्षं चालवलीय ही बोट. सुटतानाच पाठीला कळलं." रॉइसने बाहीने तोंड पुसलं. "तुम्ही असं का कराल, ते मात्र आत्ता कळलं. तो पंखा मी मागितला होता, मिस्टर ओडेल."

"तू विचारलं होतंस मला. मी हसण्यावारी नेलं."

"ते मी कुणाला सांगितलं नाही."

"मीही नाही."

बोट नुसती वाहत होती. लूथर जिथे गळ टाकायचा ते बुंधे हळूहळू जवळ आले.

"घरी जायचं?" ओडेलने विचारलं. "जाऊ या. तू म्हणशील तसं."

रॉइसने नकारार्थी मान हलवली.

ओडेलने बोट वळवून पहिल्या जागी आणली. या वेळी मोटर पूर्ण आत घेतली, बटणाची घरघर थांबेपर्यंत. रॉइसने घड्याळ खिशात टाकलं आणि दोन्ही हातांनी समोरची कड धरली. ओडेलने वेग दिला. नाक उठलं, क्षणभर आभाळ दिसलं, आणि लगेच नाक खाली आलं.

बोया समोर होता. केवढातरी लांब, सहज वळता येईल इतका.