हसरा फोटो बाद

आमच्या पिशव्या जुन्या पडद्यांच्या असतात, पण खपतात त्या कार्डामुळे. प्रत्येक पिशवीच्या पट्ट्याला एक कार्ड लटकतं: शिवणारीचा फोटो आणि खाली तिची कहाणी. कल्पना माझी. इथल्या सगळ्याच कल्पना माझ्या, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असते. घराबाहेर काढलेल्या बायकांना काम मिळावं म्हणून हा कारखाना काढला आणि पहिली बाई माझी धाकटी बहीणच होती. तिचंच कार्ड सगळ्यात जास्त चालतं. मान खाली, डोळ्यांत पाणी आणि मजकूर असा, की नवऱ्याने लेकीसकट रस्त्यावर काढलं.

त्या दिवशी टेम्पो दारात उभा होता. मोठ्या दुकानाची ऑर्डर, आणि त्यांना सगळ्या धाकटीच्याच पिशव्या हव्या होत्या. हात चालवा गं, गप्पा नंतर मारा, असं माझं चालू होतं. तेवढ्यात धाकटी माझ्या टेबलाशी आली.

"ताई, माझं कार्ड काढून टाक."

"आत्ता? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"पोरगी शाळेत जात नाहीये. तिच्या बाईंनी आपली पिशवी घेतली आणि कार्ड वर्गात वाचून दाखवलं. कौतुकानेच गं. पण आता पोरं तिला रस्त्यावरची म्हणतात."

भाची कोपऱ्यात पट्टे उलटवत बसली होती. मला वाटलं होतं, सुट्टी असेल. खरं तर मी विचारलंच नव्हतं.

वाईट वाटलं मला, नाही असं नाही. पण बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. "एवढा माल जाऊ दे," मी म्हटलं. "पुढच्या वेळी बघू."

"मग निदान तो दुसरा फोटो लाव. मी हसतेय तो."

होता तसा फोटो. मी आमच्या बाबांच्या घोरण्याची नक्कल केली होती आणि ती पोट धरून हसली होती. तो मी बाद केला. मग तिला म्हटलं, तुला घालवून दिलं तो दिवस आठव. तिने आठवला, आणि मी फोटो काढला.

"हसऱ्या बाईची पिशवी कोण घेतं?" मी बोलून गेले.

मशिनी थांबल्या. बायकांपैकी कुणी वर बघितलं नाही. भाचीने मात्र बघितलं, आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. धाकटी जागेवर गेली आणि स्वतःचीच कार्डं पिशव्यांना बांधायला लागली.

मला ते बघवेना. टेम्पोवाल्याला रिकामा परत पाठवला, त्याच्या शिव्या खाल्ल्या आणि भाचीशेजारी बसून एकेक कार्ड कापून काढायला घेतलं. तिने कात्री तेवढी पुढे केली. लाज वाटत होती, आणि त्यातही दुकानदाराला काय थाप मारायची, हे डोक्यात चालूच होतं. मेलं हे डोकं.

बायका घरी गेल्यावर धाकटीला म्हटलं, "चल, नवा फोटो काढू. नुसता फोटो. खाली काही लिहायचं नाही."

ती केस सारखे करून स्टुलावर बसली. भाची माझ्यामागे येऊन उभी राहिली. मी मोबाइल वर धरला आणि बाबांसारखी जोरात घोरले. भाचीला फिस्सकन हसू आलं.

धाकटी मात्र मोबाइल दिसताच सवयीने मान खाली घालून बसली होती.