सालासकट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. भाजी चिरायची. दाराच्या उरलेल्या तुकड्यातून सुताराने मला कापलं, रंधा मारला आणि टांगायला एक भोक पाडलं. माझ्या भावंडांचं दार झालं. आल्यागेल्याने त्यांच्यावर नुसतं टकटक करायचं. माझ्यावर आजी सुरी चालवायची. तरी तक्रार नाही. दाराला कुणी लिंबू चोळून आंघोळ घालत नाही.

माझे मानाचे दिवस आले ते आजोबा विसरायला लागल्यावर. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान बंद झाल्यावर ते आधी चष्मा विसरू लागले, मग शेजाऱ्यांची नावं, आणि एकदा घराचा रस्ता. त्यांची मुलगी औषधाच्या दुकानात काम करते. ती गडद रंगाची फळं-भाज्या पिशव्या भरभरून आणू लागली. जांभळा कोबी, पालक, वांगी, काळी द्राक्षं. वनस्पतींमधल्या रंगद्रव्यांचा उतारवयातल्या मेंदूला उपयोग होत असावा, असं संशोधक म्हणतात. नक्की किती, ते त्यांनाही अजून ठाऊक नाही. मुलीला मात्र पक्कं ठाऊक होतं.

"मी काय ससा आहे?" आजोबा म्हणाले.

"ससा घरी यायला विसरत नाही, बाबा."

चिरण्याचं काम आजोबांनी स्वतःकडे घेतलं. हात रिकामे ठेवायची सवय नव्हती. पण घड्याळजीच ते. आधी वरचं झाकण काढल्याशिवाय त्यांना चैन पडेना. सफरचंद सोललं, वांगं सोललं, आणि द्राक्षं तर डोळ्याला भिंग लावून चिमट्याने सोलली. सालं सगळी कचऱ्यात.

"बाबा, रंग सालातच असतो. ज्याच्यासाठी आणलं तेच फेकलंत."

"झाकण न काढता आत काय बिघडलंय ते कसं कळणार?"

ती रोज सांगायची, ते रोज विसरायचे. मग एकदा बोट कापलं. मुलीने सुरी बंद केली, भाजी कापायचं यंत्र आणलं आणि मला मोरीजवळच्या कोपऱ्यात सरकवलं. तिथल्या ओलीने मला चीर गेली. आजोबा खुर्चीत बसून राहू लागले, हात मांडीवर ठेवून, गिऱ्हाईक यायचं असल्यासारखे.

एका दुपारी आजीने मला बाहेर काढून पुसलं, तेल लावलं.

"आई, परत कापून घेतील ते."

"घेऊ दे. बोटाला पट्टी लावता येते. या नुसतं बसण्याला कुठली पट्टी आहे गं तुझ्या दुकानात?"

तिने माझ्यावर सफरचंद ठेवलं. आजोबांनी सुरी उचलली आणि थांबले. पुढे काय करायचं तेच आठवेना. मुलगी सांगायला पुढे झाली. आजीने तिचा हात दाबला. मग आजोबा घड्याळांच्या दुकानात सुटे भाग मांडायला अंथरायचे, तसलं पांढरं फडकं तिने माझ्याशेजारी पसरलं. आजोबांनी त्याच्यावरची सुरकुती तळव्याने काढली. सफरचंद फिरवून फिरवून पाहिलं. आणि मुलीला विचारलं, "हे सालासकट ना?"

मुलगी पाठ फिरवून भांडी विसळू लागली. धुतलेलीच होती ती.

हा गुण द्राक्षांचा की फडक्याचा, ते मला विचारू नका. मी लाकूड आहे. पण मित्रांनो, घरच्या म्हाताऱ्या माणसांना रंगीत फळं-भाज्या द्या, नीट धुऊन, सालासकट. आणि त्यांच्या हातातलं काम घाईने काढून घेऊ नका. मला ओलं ठेवू नका, हेही सांगायचं होतं, पण ते सावकाश.

कारण आजोबा काळी द्राक्षं घेऊन येताहेत. हातात चिमटा आहे. असू दे. आजी फडकं अंथरते आहे.