पाइनकिलचं नाव

शेजाऱ्यासोबत काही वाटून घ्यायचं म्हटलं की आपल्या पोटात का दुखतं, मंडळी? पाइनकिल या डोंगरातल्या लहान गावाच्या शाळामंडळाचा अध्यक्ष मर्ल व्हॅन ऑर्मन याच दुखण्याने पछाडलेला होता. डोंगरातल्या लहान शाळा एकेक करून मोठ्या शाळांत विलीन होत होत्या. शाळेबरोबर तिचं नावही जायचं आणि जर्सीचा रंगही. त्यात शेजारचं ब्रॅम्सव्हिल म्हणजे खेळातला जुना वैरी.

आसपासच्या शाळांनी मिळून चालवलेल्या सहकारी केंद्रातर्फे खुणांची भाषा शिकवणारी एक बाई ठेवली होती. ती आळीपाळीने सगळीकडे जायची. पाइनकिलमध्ये तिची एकच विद्यार्थिनी, सात वर्षांची बहिरी विनी. आणि बाई राहायची नेमकी ब्रॅम्सव्हिलला! आज बाई वाटून घेतली तर उद्या शाळाही जाईल, या भीतीने मर्लने केंद्रातून बाहेर पडायचा ठराव आणला.

लहानपणी त्याला शिकवलेल्या लॅशवेबाई सभेत उठल्या. "मर्ल, एकट्या शाळेला झेपत नाही म्हणून तर केंद्र आहे. बाई वाटून घेतली म्हणून शाळा जात नाही रे. उद्यापासून या पोरीशी बोलणार कोण?"

"शिकेल इतरांचं बघून," मर्ल म्हणाला. "एका पोरीपायी गावाचं नाव घालवू का?"

टाळ्या पडल्या आणि ठराव मंजूर झाला. विनीची आई डार्ला मागच्या रांगेत बसली होती. तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

मग बाईचं येणं बंद झालं आणि वर्गात विनीच्या खुणांना उत्तर मिळेना. ती पोरांच्या बाह्या ओढू लागली, एकदा चावली. तेव्हा तिचं बाक भिंतीकडे तोंड करून लावलं. मर्लच्या कानावर ते आलं. शिस्त लागेल, म्हणून त्याने सोडून दिलं. बर्फ पडेपर्यंत विनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायला शिकली होती. डार्लाने बिऱ्हाड ब्रॅम्सव्हिलला हलवलं.

वसंतात तिथे बेसबॉलचा सामना होता. पाइनकिलची जर्सी घातलेल्या मर्लला मैदानाबाहेर मायलेकी दिसल्या. विनीचे हात भराभर बोलत होते. त्याला बरं वाटलं. पोरीला आमच्या शाळेची आठवण येते का, असं त्याने विचारलं.

डार्लाने खुणेने विचारलं. विनीचे हात थांबले. मग तिने तळवा नाकासमोर उभा धरला आणि तसाच ठेवला.

"काय म्हणतेय?"

"तुमच्या शाळेचं नाव सांगतेय. भिंत," डार्ला म्हणाली. "तिनेच ठेवलंय. बाईंकडची सगळ्या गावांची पोरं आता पाइनकिलला हेच म्हणतात."

मर्लने माफी मागितली. "मला नकोय ती," म्हणून डार्ला पोरीला घेऊन निघून गेली.

पुढच्या सभेत मर्लने चूक कबूल केली आणि शाळा केंद्रात परत गेली. विनी परत आली नाही. नागरिकहो, आपल्या पोरांसाठी शेजाऱ्यापुढे हात पसरावा लागला तर पसरा, त्यात कमीपणा नाही. शाळेची पाटी आपण रंगवतो, पण तिचं नाव आत बसलेली पोरंच ठेवतात, आणि पाइनकिलला ते अजून पुसता आलेलं नाही.