बुवांच्या चेहऱ्यावरचं तेज

आदिनाथबुवा केमकरांच्या चेहऱ्यावर कीर्तनात तेज उतरतं, ही गोष्ट कुंभारीपासून कुर्डुवाडीपर्यंतच्या कीर्तनवेड्यांना ठाऊक होती. उत्तररंग सुरू व्हायचा, आख्यान चढायचं, त्यातला भक्त देवाला हाक मारायचा आणि नेमकी त्याच वेळी बुवांच्या गळ्यापासून कपाळापर्यंत लाली सरसरत जायची. माणसं हात जोडायची. त्या लालीला ‘तेज’ म्हटलं ते मात्र पहिल्यांदा मथुराबाईंनी. त्या बुवांच्या बायको, आणि पेटीवर साथ करणाऱ्याही त्याच. चार वर्षांमागं पेटी वाजवता वाजवता त्यांच्या तोंडून निघून गेलं, “देव उतरला की हो ह्यांच्या अंगावर!” पुढच्या रांगेनं ते झेललं आणि ते गावोगाव गेलं.

त्याच वर्षी बुवांचं पोट बिघडलं होतं. दिवसाला सहा-सात जुलाब. कीर्तन म्हणजे दोन तास उभं राहणं, मधेच उठून जायची सोय नाही. बुवा आदल्या दिवसापासून उपाशी राहू लागले. लोक म्हणाले, काय कडक व्रत हो बुवांचं! पुढं औषधाच्या दुकानातल्या जुलाब थांबवायच्या गोळ्या सुरू झाल्या, पोट गप्प बसलं आणि सगळे निश्चिंत झाले.

यंदा पाय सुजले. तेव्हा कुठं मथुराबाईंनी त्यांना ओढत सोलापुरात हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. डॉक्टर सिद्धेश्वरी वयानं लहान, पण बोलणं समजुतीचं. तपासण्या झाल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवलं.

“बुवा, तुमच्या आतड्यात गाठ आहे. ती यकृतापर्यंत पोचलीय. ती सेरोटोनिन नावाचं संप्रेरक रक्तात ओतते, सोबत आणखी काही द्रव्यं. चेहऱ्यावरची लाली त्यांचीच.”

बुवांनी गालाला हात लावून पाहिला.

“तुम्ही गाता एकच,” डॉक्टर म्हणाल्या, “पण ऐकणारा कुणी डोलतो, कुणी रडतो. तसंच हे. पेशींवर संप्रेरक ऐकणारे कान असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्या कानांच्याही जाती असतात. आतड्यातल्या जातीनं ऐकलं की आतडं पळत सुटतं. हृदयाच्या झडपांवर वेगळीच जात आहे. तिनं ऐकलं की झडप जाड होते, ताठते. मग ती नीट मिटत नाही, आणि रक्त मागं गळतं.”

“पण गोळ्यांनी थांबलं होतं की,” मथुराबाई म्हणाल्या.

“गोळ्यांनी फक्त आतडं आवरलं, बाई. झडपा चार वर्षं ऐकतच होत्या.”

मथुराबाईंना आपल्या पेटीच्या भात्याची आठवण झाली. कातडं ताठलं की तोही असाच गळतो.

“सोमवारी भरती व्हा,” डॉक्टर म्हणाल्या. “इंजेक्शननं गाठीचा जोर कमी करू, मग झडपेचं बघू. लालीही कमी होईल. उशीर केलात तर मात्र माझ्या हातात फार उरणार नाही.”

बुवांनी त्यातलं एकच धरलं. घरी आल्यावर म्हणाले, “देवानं दिलेलं तेज सुई टोचून घालवू व्हय?”

“अहो, पण डॉक्टरीण काय म्हणली…”

“देव उतरला म्हणून सांगणारी तूच ना? मग आता तो कुटं गेला?”

रविवारी कुंभारीच्या देवळात उत्सवाचं शेवटचं कीर्तन होतं. ते मी करणार, एवढंच बुवा बोलले. सोमवारचं नावही काढलं नाही.

रविवारी दुपारी चारला देऊळ गच्च भरलं. तबल्यावरच्या तिप्पण्णानं हातोडी ठोकता ठोकता मथुराबाईंना टोमणा मारला, “वहिनी, ह्या पेटीला पेन्शन द्या की आता. भाता लई सूं सूं करतोय.”

“तुझा तबला घोरतोय, त्याला उठीव आदी,” त्या म्हणाल्या. पण हसू ओठांवर आलं नाही.

पूर्वरंग सुरळीत झाला. मधल्या वेळेला बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा रिवाज. हाराचा मान म्हाताऱ्या फुलाबाईचा. पुढच्या रांगेतली जुनी श्रोती ती. हार घालून तिनं बुवांचे पाय घट्ट धरले. “बुवा, माझी नात आलीया पुण्याहून. आज तेज जरा लवकर उतरू द्या.”

ती बाजूला झाली आणि मथुराबाईंची नजर बुवांच्या पायांवर पडली. फुलाबाईच्या बोटांचे खड्डे तिथं तसेच होते. भरून येत नव्हते.

बुक्क्याची वाटी घेऊन त्या स्वतःच उठल्या. बुवांच्या कपाळाला बोट लावताना हळूच म्हणाल्या, “खाली बघा. फुलाबाईची बोटं अजून तुमच्या पायावर हायती.”

बुवांनी पाहिलं.

“तेज म्हणले ते चुकले मी. देवाचं नाव घेऊन आजार पुजला आपण. माझं ते बोलणं मी माघारी घेते.”

बुवा झांज घेऊन उभे राहिले.

आख्यान चढलं. भक्त रानं तुडवत देवाच्या दाराशी पोचला, दारावर हात ठेवला. तोच लाली चढली. आज ती लाल नव्हती, जांभळट होती. देऊळभर हात जोडले गेले. बुवांनी पेटीकडं पाहिलं. मथुराबाईंचे हात पेटीवरच होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“भैरवी,” बुवा म्हणाले.

तिप्पण्णाची थाप अडकली. “बुवा, भक्त दारातच हाय अजून!”

“असू दे.” बुवा श्रोत्यांकडं वळले. “मायबापहो, हे तेज नाही. आजार आहे. उद्या दवाखान्यात भरती होतोय. परत आलो, तर दार इथूनच उघडू.”

आख्यान अर्धं टाकलेलं कीर्तन त्या देवळानं कधी पाहिलं नव्हतं. कुणी जागचं हललं नाही. बुवांनी भैरवीच्या दोन ओळी कशाबशा म्हटल्या आणि ते पेटीशेजारी बसले. माणसं पाया पडायला सरसावली, तसे त्यांनी पाय धोतराखाली ओढून घेतले.

सूं सूं ऐकू येत होतं. मथुराबाईंनी भाता दाबून मिटवला, वर कडी लावली.

आवाज थांबला नाही.

त्यांनी बुवांच्या छातीवर हात ठेवला. सूं सूं तिथून येत होतं. चेहऱ्यावरचा जांभळा रंग उतरत नव्हता. फुलाबाईची नात हात जोडून बघत उभी होती.

“तिप्पण्णा,” मथुराबाई ओरडल्या, “गाडी आण! उद्या न्हाय, आत्ता!”